कुटुंबनियोजनाची पद्धत बदलताना : शरीराच्या तक्रारी, मधला काळ आणि नैसर्गिक मार्ग

रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात एखादी भगिनी मुद्दाम मागे रेंगाळते. सोबतच्या बायकांना पुढे जाऊ देते आणि मग हळूच विचारते, "फादर, तांबी काढून टाकली. फार अंगावरून जात होतं. आता काय करायचं?" पापनिवेदनात ऐकलेला शब्द आम्ही कोठेही उच्चारू शकत नाही, परंतु आवारात उघडपणे विचारल्या गेलेल्या प्रश्नाला उघडपणेच उत्तर देणे आमचे कर्तव्य ठरते. लग्नपूर्व तयारी शिबिरात आपण ख्रिस्तसभेची शिकवण सांगतो, तक्ते दाखवतो, डॉक्टरांचे भाषण ठेवतो. मात्र लग्नाला आठ-दहा वर्षे झालेली, दोन लेकरांची आई असलेली आणि गोळ्यांच्या किंवा तांबीच्या त्रासाने ती पद्धत सोडून बसलेली स्त्री त्या शिबिरात नसते. तिच्यासाठी आपल्या मराठी ख्रिस्ती नियतकालिकांतून फारसे लिहिले गेलेले नाही. सदर लेख तिच्यासाठी आणि तिच्या पतीसाठी आहे.

आमच्या मते या विषयात सर्वांत दुर्लक्षित राहते ती गोष्ट म्हणजे मधला काळ. एक पद्धत सोडल्याचा दिवस आणि दुसरी पद्धत खऱ्या अर्थाने हाताशी आल्याचा दिवस यांच्यामध्ये काही आठवड्यांचे, कधी काही महिन्यांचे अंतर असते. त्रास थांबला या समाधानात जोडपे ते अंतर विसरते आणि नेमके त्यातच नकळत दिवस जातात. पुढचा प्रश्न मग औषधाचा उरत नाही, एका जिवाचा होतो. आपल्या देशातील १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने संततिनियमनाचे साधन अयशस्वी ठरणे हे गर्भपाताचे एक मान्य कारण ठरविले आहे. म्हणजे साधने फसतात हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते. म्हणूनच तक्रारींच्या मुळाशी जाणे आणि मधल्या काळाचा विचार आधीच करून ठेवणे याला आम्ही महत्त्व देतो.

तक्रार ऐकली न जाण्याचा इतिहास

गर्भनिरोधक गोळीची पहिली मोठी चाचणी १९५६ साली पोर्तो रिको या कॅथलिक बहुसंख्येच्या बेटावर सुरू झाली. तेथील प्रमुख डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी कळविले की गोळी गर्भधारणा रोखते खरी, परंतु सुमारे १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, पोटदुखी असे त्रास होत आहेत आणि इतका त्रास देणारे औषध सर्वसामान्यांसाठी योग्य नाही. मुख्य संशोधकांनी या तक्रारी बऱ्याच अंशी मनाचे खेळ म्हणून बाजूला सारल्या. त्या संशोधकांपैकी डॉ. जॉन रॉक हे स्वतः नित्यनेमाने मिस्सेला जाणारे कॅथलिक होते, हे आम्ही आवर्जून नमूद करतो. सोयीचे तेवढेच सांगणे बरे नव्हे. १९६० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या 'एनोविड' या गोळीत इस्ट्रोजेन गटातील संप्रेरक १५० मायक्रोग्रॅम होते. आजच्या गोळ्यांत ते बहुधा २० ते ३५ मायक्रोग्रॅम असते. याचा सरळ अर्थ असा की त्या स्त्रिया खरे बोलत होत्या. १९७० साली अमेरिकन सिनेटमध्ये गोळीच्या दुष्परिणामांवर सुनावण्या झाल्या आणि त्यानंतर गोळीच्या पाकिटासोबत धोक्यांची माहिती देणारा कागद ठेवणे सक्तीचे झाले. तोवर लक्षावधी स्त्रियांनी ती घेतली होती.

आपल्याकडील उदाहरण त्याहून बोलके आहे. १९६५ साली भारत सरकारने लूप बसविण्याची देशव्यापी मोहीम हाती घेतली. पहिल्या दोन वर्षांत मिळून सुमारे १७ लाख स्त्रियांना लूप बसविला गेला. शिबिरे भरली, उद्दिष्टे ठरली, बसविणाऱ्यांना आणि आणणाऱ्यांना मोबदला ठरला. मात्र बसविल्यानंतर त्या बाईची विचारपूस करण्याची व्यवस्था जवळजवळ नव्हतीच. आधीच रक्त कमी असलेल्या आपल्या ग्रामीण भगिनींना पाळीत अधिक रक्तस्राव सुरू झाला, ओटीपोटात दुखू लागले आणि त्यांच्याकडे पाहायला कोणी आले नाही. अफवा पसरल्या, लोकांनी लूप काढून घेतले आणि १९६८-६९ पर्यंत वर्षाला बसविल्या जाणाऱ्या लूपची संख्या पाच लाखांच्याही खाली आली. अफवांना दोष देणे सोपे असते, पण प्रत्येक अफवेच्या मागे कोणा तरी खऱ्या बाईचे खरे दुखणे होते.

पुढे 'नेट-एन' या इंजेक्शनाच्या चाचण्यांत सहभागी स्त्रियांना पुरेशी माहिती दिली जात नाही, अशी हरकत घेऊन काही स्त्री-संघटना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. या संघटनांची आणि ख्रिस्तसभेची मते अनेक प्रश्नांवर परस्परांविरुद्ध आहेत. परंतु ज्या शरीरात औषध टोचायचे आहे त्या शरीराच्या मालकिणीला सर्व काही आधी सांगितले पाहिजे, या त्यांच्या आग्रहाशी आमचे पूर्ण मतैक्य आहे.

कोणत्या पद्धतीचा कोणता त्रास

येथे आम्ही पद्धतींची शिफारस करीत नाही. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे त्या वापरतात किंवा वापरत होती, हे वास्तव ध्यानी घेऊन माहिती देत आहोत.

रोज घ्यावयाच्या गोळ्या ('माला-एन' व 'माला-डी' या सर्वांना परिचित) दोन संप्रेरकांच्या असतात. एका पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या असतात. सुरुवातीचे दोन-तीन महिने मळमळ, स्तनांत दुखरेपणा, डोकेदुखी, मधूनच डाग पडणे, चिडचिड असे त्रास होऊ शकतात. पुष्कळ जणींचे ते आपोआप शमतात. रात्री जेवणानंतर गोळी घेतल्याने मळमळ कमी होते. काही त्रासांच्या बाबतीत मात्र वाट पाहू नये. पोटरीत एका बाजूला सूज व वेदना, छातीत अचानक कळ किंवा धाप, पूर्वी कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात असह्य वेदना, यांपैकी काहीही झाल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी होण्याचा धोका एकंदरीत कमी असला तरी खरा आहे. वयाच्या पस्तिशीनंतर तंबाखू ओढणाऱ्या, उच्च रक्तदाब असलेल्या किंवा डोळ्यांपुढे चमकून सुरू होणारी अर्धशिशी असलेल्या स्त्रीला या गोळ्या मुळात द्यावयाच्याच नसतात. दुकानातून स्वतःच पाकीट आणणाऱ्या भगिनीला हे कोण सांगणार, हा प्रश्न उरतोच.

तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन सरकारी दवाखान्यांतून २०१७ पासून 'अंतरा' या नावाने दिले जाते. आरंभी अनियमित रक्तस्राव आणि पुढे पाळी पूर्णपणे थांबणे, हे त्याचे ठळक परिणाम. पाळी थांबली की बाई घाबरते. पोटात रक्त साठत आहे असे तिला वाटते. तसे काही होत नाही, गर्भाशयाचे अस्तरच तयार होत नसते. वजन वाढणे आणि हाडांची घनता काही प्रमाणात घटणे हेही परिणाम आहेत. इंजेक्शन बंद केल्यावर हाडे बहुतांशी भरून येतात. या पद्धतीची खरी अडचण वेगळीच आहे. गोळी सोडता येते, तांबी काढता येते. पण एकदा टोचलेले औषध परत घेता येत नाही. त्रास झाला तरी परिणाम ओसरेपर्यंत सोसावा लागतो.

तांबीत संप्रेरक नसते, म्हणून ती अनेकींना 'साधी' वाटते. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत पाळीचा रक्तस्राव आणि कळा वाढणे हा तिचा नेहमीचा त्रास. डॉक्टर त्यावर काही दिवसांपुरते औषध देऊ शकतात. आमची विनंती एवढीच की तांबी बसविण्याआधी आणि त्रास सुरू झाल्यावर पुन्हा एकदा रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ती तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. चाळिशीच्या पुढे रक्तस्राव वाढला तर सगळा दोष तांबीवर ढकलू नये. गर्भाशयातील गाठींमुळेही तसे होते आणि तांबी काढूनही त्रास थांबला नाही तर सोनोग्राफी करून घ्यावी.

लखनौ येथील केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली आणि १९९१ पासून 'सहेली' या नावाने मिळू लागलेली गोळी आता सरकारी केंद्रांतून 'छाया' या नावाने दिली जाते. तिच्यात इस्ट्रोजेन नसते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा ती घेतली जाते. काही जणींची पाळी लांबते आणि दिवस गेले की काय या चिंतेत त्या गोळी सोडतात.

एक विषय टाळता येण्याजोगा नाही. तात्पुरत्या साधनांचा त्रास झाला की आपल्याकडे बायका थेट ऑपरेशनच्या टेबलावर जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती, तर रोजच्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे ५ टक्के आणि तांबी वापरणाऱ्या सुमारे २ टक्के होत्या. याच पाहणीत पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते. ख्रिस्तसभा या दोन्ही शस्त्रक्रियांना मान्यता देत नाही. तरीही ३८ आणि ०.३ हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत, असे आम्ही प्रत्येक पुरुष वाचकाला सुचवितो.

ख्रिस्तसभेची भूमिका, थोडक्यात

संत पोप पॉल सहावे यांनी २५ जुलै १९६८ रोजी 'ह्युमाने विते' हे परिपत्रक प्रसृत केले. पतिपत्नींच्या समागमातील प्रेम व नवनिर्मिती हे दोन अर्थ मनुष्याने स्वतःहून तोडू नयेत, हे त्याचे सूत्र. कृत्रिम साधने त्यामुळे निषिद्ध ठरतात. योग्य व गंभीर कारणे असल्यास दोन बाळंतपणांत अंतर ठेवण्यासाठी स्त्रीच्या शरीरातील नैसर्गिक वंध्य दिवसांचा आधार घेणे विहित मानले आहे. पोप पायस बारावे यांनी १९५१ सालीच इटलीतील सुइणींसमोर हा विचार मांडला होता.

दोन मुद्द्यांविषयी लोकांत गैरसमज आढळतो. पहिला असा की संप्रेरकांची गोळी आजारावर उपचार म्हणून घेणेही पाप आहे. तसे मुळीच नाही. अतिरक्तस्राव किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा विकार यांवर डॉक्टरांनी अशी औषधे दिली तर ती घेण्यास त्याच परिपत्रकाच्या पंधराव्या परिच्छेदात मुभा आहे. गर्भधारणा रोखणे हा तेथे हेतू नसतो. एखाद्या भगिनीने केवळ भीतीपोटी उपचार टाळून रक्तक्षय ओढवून घेतला, असे होता कामा नये. दुसरा गैरसमज असा की ख्रिस्तसभेला फक्त मुलांच्या संख्येशी कर्तव्य आहे. सतराव्या परिच्छेदात पोप महोदयांनी पुरुषाविषयी इशारा दिला आहे : साधनांची सवय झालेला पुरुष पत्नीविषयीचा आदर गमावील आणि तिच्या शरीरमनाच्या संतुलनाची पर्वा करणार नाही. गोळ्यांनी डोके धरून बसलेल्या बायकोला "सगळ्याच बायका घेतात, तुलाच काय होतंय?" असे विचारणारा नवरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा परिच्छेद वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मधला काळ

समजा, एखाद्या जोडप्याने त्रासामुळे साधन सोडून नैसर्गिक पद्धतीकडे वळायचे ठरविले. निर्णय उत्तम आहे. पण तो अमलात कसा आणतात यावर बरेच काही अवलंबून असते.

सर्वांत नेहमीची चूक अशी की आधी साधन सोडायचे आणि मग शिकायला यायचे. आम्ही उलट क्रम सुचवितो. तांबी असताना स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रिया चालूच असते. त्यामुळे शरीराच्या खुणा ओळखण्याचा सराव तांबी काढण्याआधीही सुरू करता येतो. तांबीमुळे स्राव थोडा बदललेला असू शकतो, तरी निरीक्षणाची सवय लागते. तांबी काढली की गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते. येथे आणखी एक बारीक गोष्ट आहे. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात अनुकूल दिवसांत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. म्हणून तांबी काढण्याच्या आधीच्या आठवड्यात संबंध आला असेल तर काढल्यानंतर गर्भ राहू शकतो. दवाखान्याची तारीख ठरली की त्याआधीचे सात दिवस संयम पाळावा, हे सहसा कोणी सांगत नाही.

गोळ्यांचे गणित निराळे आहे. गोळ्या घेताना दर महिन्याला जो रक्तस्राव होतो ती खरी पाळी नव्हे; संप्रेरक थांबल्यामुळे होणारा तो स्राव आहे. म्हणून "माझी पाळी अगदी २८ दिवसांनी येते" हा गोळ्यांच्या काळातील अनुभव पुढच्या हिशेबाला उपयोगी नाही. गोळ्या सोडल्यावर पहिली काही चक्रे लांब, आखूड किंवा अनियमित असू शकतात. स्त्रीबीज मात्र पहिल्याच महिन्यात, पाळी येण्याच्या आधीही, बाहेर पडू शकते. या काळात दिनदर्शिकेवर विसंबणाऱ्यांची हमखास फसगत होते.

इंजेक्शन बंद केल्यावर पाळी परतायला अनेक महिने लागू शकतात आणि शेवटच्या इंजेक्शनानंतर गर्भ राहण्यास सरासरी नऊ-दहा महिने जातात. ही सरासरी आहे, हमी नव्हे. काहींना त्याआधीच दिवस जातात. पाळी आली नाही म्हणजे निर्धास्त राहावे, असे मानू नये.

मधल्या काळात काही जोडपी 'तातडीची गोळी' महिन्यातून दोन-तीनदा घेऊन वेळ निभावतात, असे डॉक्टरांकडून कळते. ख्रिस्तसभेचा आक्षेप बाजूला ठेवला तरी ती पद्धतच नव्हे. वारंवार घेतल्याने पाळीचे चक्र विस्कळीत होते आणि त्या महिन्यातील शरीराच्या खुणा वाचता येत नाहीत. नैसर्गिक पद्धत शिकू पाहणाऱ्या स्त्रीची पाटी त्यामुळे दर वेळी पुसली जाते.

नैसर्गिक पद्धत म्हणजे दिवस मोजणे नव्हे

जपानचे डॉ. ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे डॉ. क्नाउस यांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे दाखवून दिले की स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या सुमारे दोन आठवडे आधी बाहेर पडते. त्यावरून मागच्या चक्रांवर हिशेब करून 'सुरक्षित दिवस' काढण्याची पद्धत आली. अडचण अशी की पुढची पाळी कधी येणार हे आधी कोणाला ठाऊक असते? ताप, प्रवास, मानसिक ताण, बाळंतपण यांनी चक्र हलते आणि हिशेब कोसळतो. स्वतंत्र भारताने आरंभी हाच प्रयोग केला. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ साली डॉ. अब्राहम स्टोन यांना भारतात पाठविले. दिल्लीतील लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे स्त्रियांना दिवस मोजण्यासाठी रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. प्रयोग फसला. 'नैसर्गिक म्हणजे बेभरवशाचे' ही जी समजूत आपल्या सुशिक्षित वर्गात घर करून आहे, तिची मुळे त्या काळातल्या हिशेबी पद्धतीत आहेत.

माळेची कल्पना पुढे अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाने सुधारून परत आणली. आपल्याकडे ती 'माला चक्र' म्हणून ओळखली जाते. ज्या स्त्रीची पाळी २६ ते ३२ दिवसांच्या आतच येते तिने आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत संयम पाळावा, असा तिचा साधा नियम आहे. नुकत्याच गोळ्या किंवा इंजेक्शन सोडलेल्या स्त्रीने पाळी नियमित झाल्याखेरीज तिच्यावर विसंबू नये.

खरी प्रगती ऑस्ट्रेलियात झाली. मेलबर्न येथील धर्मगुरू फादर मॉरिस कॅटरिनिच यांनी १९५३ साली मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. जॉन बिलिंग्ज यांना अडचणीतील जोडप्यांसाठी मदत मागितली. डॉ. बिलिंग्ज यांनी जुने वैद्यकीय ग्रंथ चाळले आणि त्यांना गर्भाशयमुखाच्या स्रावाचे उल्लेख सापडले. पुढे त्यांच्या पत्नी, बालरोगतज्ज्ञ डॉ. इव्हलिन बिलिंग्ज, या कार्यात सामील झाल्या आणि प्रा. जेम्स ब्राउन यांनी संप्रेरकांच्या चाचण्यांनी स्त्रियांच्या निरीक्षणांची खातरजमा केली. पद्धत अशी : पाळीनंतर काही दिवस योनिमार्गाशी कोरडेपणा जाणवतो. मग चिकट, दाट स्राव सुरू होतो. तो हळूहळू पातळ, निसरडा, अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या बलकासारखा होतो. हेच गर्भधारणेस सर्वाधिक अनुकूल दिवस. निसरडेपणाचा शेवटचा दिवस हा कळसाचा दिवस. त्यानंतरचे तीन दिवस सोडून चौथ्या दिवसापासून पुढच्या पाळीपर्यंत वंध्य काळ असतो. आपल्या बायका 'पांढरं जातं' असे म्हणून ज्याला आजार समजतात, त्यातला बराच भाग निरोगी शरीराची ही भाषाच असते. मात्र स्रावाला दुर्गंधी, खाज किंवा पिवळा-हिरवा रंग असेल तर तो संसर्ग समजून डॉक्टरांकडे जावे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७० च्या दशकात पाच देशांत या पद्धतीची चाचणी घेतली आणि त्या पाच केंद्रांत आपले बंगळुरूही होते. शिक्षित-अशिक्षित अशा सर्व थरांतील स्त्रियांपैकी ९३ टक्के स्त्रियांना पहिल्याच चक्रात आपल्या खुणा ओळखता आल्या. अपयशाचा आकडा मात्र प्रचारपत्रकांत अर्धाच दिला जातो, म्हणून आम्ही पूर्ण देतो. वर्षभरात शंभर स्त्रियांमागे सुमारे २२ गर्भधारणा झाल्या. त्यांतील पद्धतीच्या दोषामुळे झालेल्या तीनपेक्षा कमी होत्या. सुमारे १५ गर्भधारणा अशा जोडप्यांच्या होत्या, ज्यांनी अनुकूल दिवस आहेत हे ठाऊक असूनही नियम मोडला. तुलनेसाठी सांगायचे तर रोजच्या गोळ्या नेहमीच्या वापरात, म्हणजे विसराविसर धरून, शंभरात सुमारे सात स्त्रियांच्या बाबतीत वर्षभरात फसतात.

स्रावाच्या जोडीला रोज सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी शरीराचे तापमान नोंदविण्याची पद्धतही आहे. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर ते साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सियसने चढते. जर्मनीत या दुहेरी पद्धतीचा ९०० स्त्रियांवर, १७,६३८ चक्रांचा, दीर्घ अभ्यास झाला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात शंभरामागे १.८ गर्भधारणा झाल्या. त्या स्त्रिया नीट प्रशिक्षित होत्या आणि त्यांना अनुभवी शिक्षकांचा आधार होता. पुस्तक वाचून घरच्या घरी सुरुवात करणाऱ्यांनी तोच आकडा आपल्याला लागू धरू नये.

अंगावर पाजणाऱ्या मातेची गोष्ट स्वतंत्र आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, त्याला रात्रंदिवस केवळ अंगावरचेच दूध मिळत असेल आणि पाळी परतलेली नसेल, तर गर्भधारणेपासून ९८ टक्क्यांहून अधिक संरक्षण असते, असे १९८८ साली इटलीतील बेलाजिओ येथे जमलेल्या तज्ज्ञांनी एकमताने नोंदविले. तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या पाहिजेत. बाळाला पेज सुरू झाली, आई कामावर जाऊ लागली की संरक्षण ओसरते.

पतीचा वाटा

गोळीसाठी नवऱ्याला काहीच करावे लागत नाही, तांबीसाठीही नाही. त्यामुळे त्रास एकटीचा, निर्णय एकटीचा आणि पुष्कळदा गुपितही एकटीचे. नवऱ्याला न सांगता गोळ्या सोडून देणाऱ्या स्त्रिया आहेत; कारण सांगितले तर भांडण होईल ही भीती. नैसर्गिक पद्धतीत असे गुपित ठेवताच येत नाही. तेथे दोघांनी एकाच तक्त्याकडे पाहावे लागते. हा तिचा गुण आहे आणि हीच तिची कठीण बाजूही आहे. नवरा दारू पिऊन येत असेल, 'नाही' हा शब्द ऐकून घेत नसेल, तर तक्ता कितीही नीट भरला तरी उपयोग नाही, आणि अशा घरातील स्त्रीला केवळ संयमाचा उपदेश करून परत पाठविणे हा आम्हा धर्मगुरूंचा निष्काळजीपणा होय. तिला आधी समुपदेशनाची, प्रसंगी संरक्षणाची गरज असते.

ज्या घरांत हे जमले आहे तेथील एक साधी रीत आम्हांला आवडली. निरीक्षण पत्नी करते, परंतु रात्री तक्त्यावर खूण पती करतो. सुरुवातीला तो टाळाटाळ करतो, विसरतो, मस्करी करतो. दोन-तीन महिन्यांनी मात्र आज कोणता दिवस आहे हे त्याला विचारावे लागत नाही.

शिकण्यासाठी किमान तीन चक्रे शिक्षिकेच्या संपर्कात राहावे आणि पहिल्या महिन्यात पूर्ण संयम पाळावा, म्हणजे खुणा स्वच्छ दिसतात. चाळिशी ओलांडलेल्या भगिनींनी पाळी लांबू लागली म्हणून तक्ता बंद करू नये. पाळी थांबून सलग बारा महिने होईपर्यंत गर्भधारणा शक्य असते. डॉक्टरांकडे जाताना मागील तीन महिन्यांचा तक्ता सोबत न्यावा. कोणत्या तारखेला साधन सोडले, रक्तस्राव किती दिवस झाला, दिवसाला किती कापड किंवा पॅड लागले, डोके कोणत्या दिवशी दुखले, हे सर्व त्यावर तारखेनिशी लिहिलेले असले म्हणजे डॉक्टरांनाही उपचार ठरविणे सोपे जाते.